पाकिटावरचा पत्ता सरकतो, दोष कुणाचा?

संपादक महोदय,

प्रिंटरने पाकिटावर छापलेला पत्ता जागेवर आला नाही की बहुतेक जण स्पेस आणि एंटर मारून तो हलवत बसतात. पाकिटे वाया जातात, पत्ता मात्र चुकीच्याच जागी उमटतो. आधी चूक कोणत्या जातीची आहे ते पाहावे. काहीही न बदलता एकच फाइल तीन पाकिटांवर छापा आणि पहिल्या अक्षराचे डाव्या व वरच्या कडेपासूनचे अंतर पट्टीने मोजा. तिन्हींवर अंतर सारखेच चुकत असेल, तर दोष सेटिंगचा. दर वेळी वेगळे येत असेल किंवा ओळ तिरकी जात असेल, तर दोष पाकीट आत ओढले जाण्याचा. मग सॉफ्टवेअरमध्ये कितीही डोके घातले तरी उपयोग नाही.

सेटिंगच्या चुकांत सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे आकार दोन ठिकाणी निवडावा लागतो, हेच ध्यानात न येणे. वर्डमध्ये डीएल, म्हणजे ११० × २२० मिमी निवडले, पण प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये ए-४ तसेच राहिले. ज्या ट्रेच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकदमच सरकतात, तो कागद मधोमध ओढतो. ए-४ची रुंदी २१० मिमी, पाकिटाची ११०. फरकाचा निम्मा भाग ५० मिमी. पत्ता पाकिटाच्या ११० मिमीच्या बाजूने पाच सेंटिमीटरच्या आसपास सरकला असेल, तर चोर हाच. दुसरी गफलत ‘साइज १०’ या अमेरिकी पाकिटाची. ते डीएलसारखेच दिसते, पण साधारण १०५ × २४१ मिमी असते. नावावर विसंबू नका, पाकीट मोजा. पीडीएफवरून छापताना ‘फिट टू पेज’ बंद करून स्केल १०० टक्के ठेवा.

पाकीट कोणत्या बाजूने घालायचे हा घोळ साध्या कागदाने मिटतो. कागदावर पेन्सिलने बाण काढा, ट्रेमध्ये ठेवा, छापा. छपाई कोणत्या बाजूला आणि कोणत्या दिशेने आली ते कळते. वर्डच्या एन्व्हलप प्रिंटिंग ऑप्शन्समध्ये त्याच्याशी जुळणारे चित्र निवडा. यानंतरही ठरावीक ४-५ मिमी फरक उरला, तर तो ‘फ्रॉम लेफ्ट’ आणि ‘फ्रॉम टॉप’ या आकड्यांत भरून काढा. लिबरऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये यासाठी ‘शिफ्ट राइट’ व ‘शिफ्ट डाउन’ आहे. प्रेषकाचा पत्ता कडेला कापला जात असेल, तर तो सरकण्याचा प्रकार नव्हे. प्रिंटर अगदी कडेपर्यंत छापत नाही. सेंटिमीटरभर आत घ्या.

तिरक्या ओळीचे कारण बहुधा पाकिटातच असते. आत हवा, फ्लॅपपाशी जास्त थर, एक कोपरा वळलेला. मग रोलर एक बाजू आधी पकडतो. पाकीट हाताने दाबून हवा काढा, आत जाणाऱ्या कडेवरून पट्टी दाबून फिरवा. ट्रेच्या पट्ट्या पाकिटाला टेकल्या पाहिजेत, पण पाकीट वाकता कामा नये. गठ्ठा न घालता एकेकच घाला. लेझर प्रिंटरला मॅन्युअल फीड, म्हणजे हाताने एकेक कागद घालायची वाट, वापरा आणि मागचे दार उघडून पाकीट सरळ बाहेर येऊ द्या. काही मॉडेल्सना त्या दाराआड पाकिटासाठी वेगळे खटके असतात, ते न फिरवल्यास सुरकुत्या पडतात. प्लॅस्टिकची खिडकी किंवा चिकटपट्टी असलेली पाकिटे ‘लेझर’साठी म्हणून विकली जात नसतील तर आत घालूच नयेत, उष्णतेने खिडकी किंवा चिकटपट्टी आतच वितळू शकते.

दर वेळी वेगळेच अंतर येत असेल, तर रोलरवर बहुधा कागदाची धूळ बसलेली असते. प्रिंटरचा प्लग काढून धागे न सुटणाऱ्या, किंचित ओल्या कापडाने रोलर पुसा आणि वाळू द्या.

एवढे करूनही एखादा मिलिमीटर तिरकेपणा राहिला, तर घडीची कड आणि चिकटवलेली कड गुण्याने तपासा. पाकीटच काटकोनात नसते, आणि त्याला प्रिंटर काय करणार?

आपला,
एक वाचक