वजने उचलता, मग जागेवरही ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

व्यायामाचे महत्त्व सांगणारे लेख आपल्या पुरवण्यांत नेहमी येतात आणि मी ते आवडीने वाचते. व्यायाम कोणता करावा, किती करावा, त्याआधी काय खावे, सगळे त्यात असते. जिममध्ये आजूबाजूच्या माणसांशी कसे वागावे, हे मात्र कुणी लिहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही. म्हणून हे पत्र. थोडे लांबले तर सांभाळून घ्यावे.

मी ५९ वर्षांची, इतिहासाची निवृत्त शिक्षिका. तपासणीत हाडांची घनता कमी निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, नुसते चालून भागणार नाही, आता वजने उचला. हाडांवर भार पडला तरच ती टिकतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही प्रौढांनी आठवड्यातून किमान २ दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा, असे म्हटले आहे. त्यामुळे जिममध्ये आता सगळ्या तऱ्हेची माणसे येऊ लागली आहेत. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून सावरणारे आजोबा, बाळंतपणानंतर पुन्हा सुरुवात करणारी तरुणी, आयुष्यात पहिल्यांदा डंबेल हातात धरणारा सोळा वर्षांचा मुलगा आणि माझ्यासारखी बाई, आम्ही सगळे एकाच बेंचवर एकामागून एक बसतो.

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. मला जिममध्ये जाऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. ट्रेनरने मला बेंचवर रिकामा बार, म्हणजे वजने न लावलेली लोखंडी दांडी, घेऊन व्यायाम करायला सांगितले आणि तो दुसऱ्या कुणाकडे गेला. बेंचपाशी पाहते तर बारला दोन्ही बाजूंना २० किलोच्या दोन-दोन प्लेट, म्हणजे वजनाच्या चकत्या, लावलेल्या. बारचे २० किलो धरून एकूण १००. आसपास कुणी नव्हते. कुणाला हाक मारायची म्हणजे संकोच वाटला. मीच प्लेट काढायला घेतल्या. पहिली प्लेट ओढून छातीशी धरली, जमिनीवर टेकवली. दुसरीही त्याच बाजूची काढली. ती सुटली त्याच क्षणी बार उलटला. पलीकडची बाजू प्लेटसकट धाडकन जमिनीवर आदळली आणि माझ्या बाजूचे रिकामे टोक माझ्या हनुवटीपासून वीतभर अंतरावरून वर गेले. लोखंडाचा तो वारा गालाला लागलेला मला अजून आठवतो.

बेंचचे खांब एकमेकांच्या जवळ असतात आणि बारची दोन्ही टोके बरीच बाहेर राहतात. एक बाजू पूर्ण रिकामी झाली की दुसऱ्या बाजूच्या वजनाने बार कलंडतो. म्हणून प्लेट नेहमी एक इकडची, मग एक तिकडची अशाच काढायच्या असतात. हे मला कुणी सांगितलेच नव्हते. दंड कसा वळवायचा, श्वास कधी सोडायचा हे शिकवले होते. प्लेट कशी काढायची हे नाही.

आवाज ऐकून एक तरुण धावत आला. "काकू, लागलं का कुठं?" त्याचा चेहरा पांढरा पडला होता. वजने त्याचीच होती. मुलगा खरोखर सभ्य होता. त्याने मला बसायला लावले, पाणी आणून दिले, दहा वेळा माफी मागितली. मी विचारले, "अरे, पण तशीच का ठेवून गेलास?" तो म्हणाला, "मला वाटलं, पुढच्यालाही तेवढीच लागतील."

हे वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही. त्यात उर्मटपणा नव्हता, आळसही फारसा नव्हता. पुढे येणारा माणूस आपल्याच वयाचा, आपल्याच ताकदीचा असेल असे त्याने गृहीत धरले होते. जिममध्ये एकमेकांना होणारा बहुतेक त्रास मला याच गृहीत धरण्यातून आलेला दिसतो. ज्याला १०० किलो उचलता येतात त्याला २० ची प्लेट म्हणजे बशी. मला ती उतरवायची म्हणजे तोच एक व्यायाम, आणि कंबरेचे दुखणे असलेल्याला तर अशक्यच. पायांनी वजन ढकलायच्या लेग प्रेसच्या मशीनवर दोन्ही बाजूंना प्लेटची रांग तशीच सोडून कुणी निघून गेला, तर त्या दिवसापुरते ते मशीन आमच्यासाठी बंद. आम्ही तोंडाने काही बोलत नाही. मुकाट्याने दुसरे काहीतरी करून घरी जातो, आणि काही जण मग परत येतच नाहीत.

डंबेलचेही तेच. ५ किलोची जोडी ५ च्या खाचेत असावी, १२ ची १२ च्या. एक डंबेल रॅकवर आणि दुसरे कुठल्या तरी बेंचखाली असले की ते शोधण्यात वेळ जातो आणि जाता-येता कुणी तरी अडखळते. जड डंबेल सगळ्यात खालच्या फळीवर ठेवतात, त्यालाही कारण आहे. ती कुणी छातीच्या उंचीवर नेऊन ठेवली, तर ती खाली घेताना कमी ताकदीच्या माणसाचा खांदा जायचा. आणि डंबेल उचलले की रॅकपासून तीन-चार पावले मागे सरकून व्यायाम करावा. रॅकला चिकटून, आरशात बघत उभे राहिलेल्या माणसाच्या कोपराखालून वजन काढून घेणे कुणाला आवडेल?

बेंचवर बसून राहण्याबद्दल मात्र माझे मत बदलले आहे. सुरुवातीला मला वाटायचे, ही मुले नुसती बसलेली असतात. नंतर कळले की जड वजनाच्या दोन सेटमध्ये (सलग काही वेळा वजन उचलले की एक सेट) दोन-तीन मिनिटे, कधी त्याहूनही जास्त विश्रांती लागतेच. ती घेतली नाही तर पुढचा सेट नीट होत नाही. तेव्हा बसलेला प्रत्येक माणूस जागा अडवतो असे नाही. पण विश्रांती संपून दहा मिनिटे झाली आणि अंगठा अजून फोनवरच फिरतो आहे, हेही रोज दिसते. अशा वेळी विचारणाऱ्यानेही नीट विचारावे. "तुमचे अजून किती सेट राहिलेत?" किंवा "मध्ये एक सेट मारू का?" एवढे पुरते. आलटून पालटून करायचे ठरले तर वजन बदलायला दोघांनीही हात लावावा. विचारले म्हणून कपाळावर आठ्या आणू नयेत. आणि गर्दीच्या वेळी एका मशीनवर टॉवेल, दुसऱ्यावर बाटली, तिसऱ्यावर स्वतः, असे तर मुळीच करू नये.

आता घामाकडे वळते. नायट्याची बुरशी आणि फोडांना कारण होणारे स्टॅफिलोकॉकस जिवाणू मॅटवर किंवा बेंचच्या रेक्झिनवर बराच काळ तग धरू शकतात. त्वचेवर जरासे खरचटले असेल तरी त्यांना वाट मिळते. मधुमेह असलेल्याला असा संसर्ग महागात पडतो, आणि शेजारच्याला मधुमेह आहे की नाही हे त्याच्याकडे पाहून ओळखता येत नाही. म्हणून आपला टॉवेल पसरून बसावे आणि उठताना बेंच पुसावे. जंतुनाशक फवारले आणि लगेच कोरडे केले तर त्याचा पुरेसा उपयोग होत नाही. ते पृष्ठभागावर किती मिनिटे ओले राहायला हवे हे बाटलीवर लिहिलेले असते. ट्रेडमिलच्या पडद्यावर थेट फवारा मारू नये, कापडावर घेऊन पुसावे. व्यायाम संपल्यावर या सगळ्याला एखादे मिनिट लागते.

इतिहास शिकवला असल्याने इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. प्राचीन ग्रीक व्यायामशाळेत लोक अंगाला तेल लावून व्यायाम करत आणि नंतर तेल, घाम, धूळ धातूच्या वाकड्या पट्टीने खरवडून काढत. ग्रीसमधल्या बेरोया इथे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला एक शिलालेख सापडला आहे, त्यात तिथल्या व्यायामशाळेची नियमावली कोरलेली आहे. दारू पिऊन आलेल्याला आत घ्यायचे नाही, व्यायामशाळेच्या प्रमुखाला कुणी शिवीगाळ करायची नाही, चोरी केली तर कडक शिक्षा, अशी कलमे त्यात आहेत. काही नियम आजच्या माणसाला अन्यायाचे वाटतील, गुलामांना तर तिथे प्रवेशच नव्हता. पण दगडावर नियम कोरून लावावेत इतके त्या लोकांना या जागेतल्या वागण्याचे महत्त्व वाटत होते. आपल्याकडच्या जिममध्ये भिंतीवर पिळदार शरीरांची मोठमोठी चित्रे असतात आणि नियमांचा कागद असलाच तर पाण्याच्या यंत्रामागे.

सल्ला देण्याबद्दल जरा स्पष्ट लिहिते. जिममध्ये बायकांना न मागता इतके सल्ले मिळतात की काही मुली कानात काही वाजत नसतानाही इअरफोन घालून बसतात. मला एका तरुणीनेच हे सांगितले. कुणी स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर बार घेऊन उठाबशा, करत असताना मध्येच जाऊन "ताई, पाय असे ठेवा" म्हणणे चांगल्या हेतूने असले तरी धोक्याचे आहे, कारण खांद्यावर वजन असताना लक्ष उडाले तर इजा होते. त्याच कारणाने वजन उचलणाऱ्याच्या अगदी समोरून जाऊ नये. बार छातीवर अडकला असेल, माणूस धडपडत असेल, तर विचारत बसू नका, धावा. एरवी काही खटकलेच तर सेट संपू द्या, किंवा ट्रेनरला सांगा. सपोर्ट द्यायचा असेल, म्हणजे वजन उचलणाऱ्याच्या मदतीला जवळ उभे राहायचे असेल, तर आधीच बोलून घ्यावे: किती वेळा उचलणार, बारला हात कधी लावायचा. काही जण न सांगता बार धरतात आणि समोरच्याची मेहनत वाया जाते. काही सपोर्टला उभे राहून दुसरीकडेच बघत असतात, ते तर फारच वाईट.

व्हिडिओबद्दल एवढेच की आपला व्यायाम टिपताना मागच्या माणसाची परवानगी लागते. घामाघूम अवस्थेत, पहिल्याच आठवड्यात, आपण कुणाच्या तरी पडद्यावर जावे असे कुणालाच वाटत नाही. कपडे बदलण्याच्या खोलीत फोन बाहेर काढूच नये, अगदी घरचा फोन आला तरी बाहेर येऊन बोलावे.

जोर लावताना तोंडातून आवाज निघतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. जड वजनाला श्वास धरून सोडावा लागतो आणि आवाज येतोच. मात्र सेट संपल्यावर डंबेल उंचावरून फेकणे निराळे. जमिनीवर टाकता येतील अशा रबरी प्लेट आणि त्यासाठीची जागा वेगळी असते. साधे डंबेल फेकले की ते उसळून कुठे जाईल सांगता येत नाही, आणि त्याची टोके ढिली होऊन एखाद्या दिवशी दुसऱ्याच कुणाच्या तोंडावर सुटतात.

माझी विनंती जिम चालवणाऱ्यांना आणि ट्रेनरना आहे. नवा सभासद आला की तुम्ही पहिल्या दिवशी त्याचे वजन करता, कंबर मोजता. त्याच दिवशी त्याच्या हातात एक प्लेट द्या आणि ती बारवर कशी चढवायची, ती घसरू नये म्हणून क्लिप कशी लावायची, कशी उतरवायची, कुठे ठेवायची हे त्याच्याकडून करून घ्या. अर्ध्या तासाचे काम आहे. प्लेट ठेवायचा स्टँड बेंचच्या शेजारी असू द्या, दुसऱ्या टोकाला असला तर माणसे टाळतातच. आणि वजने तशीच टाकून जाणाऱ्याला, तो कितीही जुना आणि कितीही ताकदवान सभासद असो, परत बोलवा. नवशिक्यांना हे सांगायची हिंमत होत नाही, ती तुम्हाला दाखवावी लागेल. मी बार कलंडल्याचे सांगायला गेले तेव्हा मला उत्तर मिळाले, "मॅडम, तुम्ही आम्हाला हाक मारायची ना." यापुढे मी हाक मारीन. पण तो बार रिकामाच असायला हवा होता.

आपली नम्र,
एक वाचक