बडोद्याचा हिशेब

पुणे, ३० जानेवारी

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "कसं झालं बडोदं?" आणि मी म्हटलं, "छान." मग तुझी मीटिंग लागली. चार दिवसांचं बडोदं एका "छान"मध्ये बसवल्याची तेव्हापासून चुटपुट लागलीय. म्हणून कागदावर लिहून फोटो काढून पाठवतेय. टाइप करायला अंगठे दुखतात. अक्षर लागलं नाही तर विचार, आईचं अक्षर वाईट म्हणून सोडून देऊ नकोस.

आम्ही चौघी गेलो होतो. वरच्या मजल्यावरच्या माई, बँकमावशी, तुमच्या भूगोलाच्या बाई आणि मी. माई अठ्ठ्याहत्तरच्या, काठी घेऊन. तू घातलेली भीती ("त्यांना काही झालं तर?") मी त्यांना सांगितली नाही. त्यांनी प्रवासात मेथीचे लाडू आणले होते आणि आमच्या तिघींपेक्षा जास्त त्याच चालल्या.

तुला ठाऊक आहे, गेली तीस वर्षं या तिघी कट्ट्यावर माझं "आमच्या बडोद्यात" ऐकत आल्यात. मी तोंड उघडलं की बँकमावशी घड्याळ बघायची. दिवाळीत तिनेच काढलं, "एकदा जाऊन खरंखोटं करून येऊ." गाडी लोणावळ्याला पोचायच्या आत तिने वही उघडली. डाव्या पानावर खर्च, उजव्या पानावर वरती लिहिलं "थापा" आणि खाली रेघ मारली. तीस वर्षं दुसऱ्यांच्या खात्यातल्या चुका शोधलेली बाई, तिच्या हातून मी काय सुटणार!

हॉटेलात रिसेप्शनवरच्या मुलाने चौघींची आधार कार्डं घेतली आणि रजिस्टर पुढे केलं. त्यात "येण्याचं कारण" असा एक रकाना. पेन हातात घेऊन मी बराच वेळ उभी राहिले. लग्नानंतर मी बडोद्याला आले ती १९८२ साली तुझ्या बाळंतपणाला, मग आजोबांच्या आजारपणाला, मग आजीच्या दिवसांना आणि शेवटची २००५ साली, माहेरचा वाडा विकला त्याच्या खरेदीखतावर सही करायला. मधल्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या धर, पण त्यात तुझे कांजिण्या नि गोवर. दर वेळी काहीतरी काम होतं. गाव बघायला म्हणून कधी आलेच नव्हते. मी लिहिलं, "फिरायला." माहेरच्या गावी पहिल्यांदाच पैसे देऊन झोपले. लिफ्ट बंद होती, खोली तिसऱ्या मजल्यावर. त्यावर माईंनी जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

आधी महत्त्वाचं सांगते. तुझ्या पासपोर्टवर जन्मस्थान "वडोदरा" आहे. मी १९७३ ला कॉलेजात गेले ती बडोद्यातल्या, आणि बी.ए. होऊन बाहेर पडले ती वडोदऱ्यातल्या. घर तेच, सायकल तीच. मधे १९७४ ला सरकारने नाव बदललं. युनिव्हर्सिटीच्या नावात मात्र अजून बडोदाच आहे. आमच्या घरी तर कुणी दोन्ही म्हणत नव्हतं. बडोदं. नपुंसकलिंगी. कुणी "बडोदा कसा आहे" म्हटलं की आजोबा म्हणायचे, "बाहेरचा दिसतोय."

पहिली थाप पहिल्याच सकाळी पकडली गेली. सूरसागर इतका मोठा की पलीकडचा काठ दिसत नाही, असं मी सांगत आले होते. काठ दिसतो. पलीकडच्या दुकानांच्या पाट्यासुद्धा दिसतात, बँकमावशीने दोन वाचून दाखवल्या. तलावाच्या मधोमध आता भलीमोठी सोनेरी शंकराची मूर्ती उभी आहे. माझ्या वेळी तिथे नुसतं पाणी होतं, आणि अनंत चतुर्दशीला काठावर मुंगी शिरणार नाही एवढी गर्दी. बाई म्हणाल्या, "त्या वयात उंची किती होती तुझी? माणसांच्या पाठीच दिसत असणार." ही सूट बँकमावशीने मंजूर केली नाही.

दुसरी थाप कमाटी बागेत. तिथल्या म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा आहे. तो देवमासा पुरात विश्वामित्री नदीतून थेट गावात आला होता, हे मी तुलाही सांगितलंय, आठवतं? तर तो १९४४ साली मही नदीच्या मुखाशी आला होता. भूगोलाच्या बाई माझ्याकडे अशा बघत होत्या की मी पुन्हा आठवीत. "अगं, विश्वामित्रीत देवमासा? तिची खोली किती, रुंदी किती!" मला हे तुझ्या मामाने सांगितलं होतं, मी सहा वर्षांची असताना. साठ वर्षांत मी एकदाही मनाशी म्हटलं नाही की एवढं धूड त्या ओढ्यात मावेल कसं.

मगरींचं मात्र खरं निघालं. गावाच्या मधून वाहणाऱ्या नदीत मगरी आहेत यावर तिघींपैकी कुणाचाच विश्वास नव्हता. काळ्या घोड्याच्या पुलावर रिक्षावाल्याने आपणहून रिक्षा थांबवली आणि २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुराच्या गोष्टी सुरू केल्या. पाणी सोसायट्यांत शिरलं तशा मगरीही रस्त्यावर आल्या होत्या. ते सांगताना तो असा फुलला होता, जणू मगरी त्याच्याच घरच्या. मीटर चालू ठेवून. खर्चाच्या पानावर त्याची वेगळी नोंद आहे.

लक्ष्मीविलास पॅलेसबद्दल फार लिहीत नाही, इंटरनेटवर सगळं सापडेल. मी बडोद्यात तेवीस वर्षं काढली आणि आत पाऊल टाकलं ते आत्ता, तिकीट काढून, कानाला यंत्र लावून. दरबार हॉलची रंगीत काचांची तावदानं सुंदर आहेत, रविवर्म्याची चित्रं आहेत. बँकमावशीने विचारलं, "लाइटबिल किती येत असेल?"

माझा जीव अडकला तो कीर्तिमंदिरात. दांडिया बाजारातून कॉलेजला जाताना तीन वर्षं मी त्यावरून सायकल हाणली. गायकवाडांच्या पूर्वजांचं स्मारक, एवढंच माहीत. "मेलेल्यांच्या जागेत तरण्या पोरीने कशाला जायचं," असं आजी म्हणायची, आणि मला वेळ तरी कुठे होता. आत भिंतींवर नंदलाल बोस यांची चित्रं आहेत. शांतिनिकेतनातून येऊन त्यांनी ती रंगवली. १९३९ मध्ये सुरुवात केली आणि १९४६ मध्ये संपवली. सयाजीराव १९३९ मध्येच गेले, म्हणजे ज्याने काम सांगितलं त्याने पुरं झालेलं पाहिलंच नाही. एका भिंतीवर गंगावतरण, एकीवर मीराबाई, एकीवर महाभारताचं युद्ध, एकीवर बुद्धाची पूजा करणारी नर्तकी. बाईंनी गंगावतरणासमोर उभं राहून उगमापासून नदी शिकवायला घेतली, त्यांचा इलाज नव्हता. मी नर्तकीसमोर बसले. सायकलवरून जाणारी ती वीस वर्षांची मुलगी आणि ही बाई यांच्यात भिंत होती एक. मला कुणी सांगितलं कसं नाही, असं मनात आलं, आणि लगेच दुसरं आलं की मी तरी कुणाला विचारलं होतं.

तांबेकर वाड्यात माई खालीच बसल्या. जिना अरुंद, लाकडी, अगदी उभा. आम्ही तिघी वर जाऊन भिंतींवरची कृष्णलीला आणि मराठे-इंग्रजांच्या लढाया बघून धापा टाकत खाली आलो, तोवर माईंना रखवालदाराच्या दोन्ही मुलींची शिक्षणं, जावयाची नोकरी आणि त्याच्या गुडघ्याचं दुखणं सगळं पाठ झालं होतं. त्यांना लाडूही देऊन झाला होता.

सेंट्रल लायब्ररीतल्या काचेच्या जमिनीला तर बँकमावशीने निघायच्या आधीच थाप ठरवून क्रमांक देऊन टाकला होता. पण जमीन खरंच काचेची आहे. पुस्तकांचे लोखंडी मजले, आणि मजल्या-मजल्यामध्ये जाड, दुधी काचेच्या लाद्या, वरचा उजेड खाली झिरपावा म्हणून. मी लहानपणी खालून वर बघायची तेव्हा वरच्या माणसाच्या चपलांच्या सावल्या दिसायच्या. लायब्ररीतल्या बाईंनी आम्हाला दारातून दाखवलं. बँकमावशीने चष्मा पुसला, वाकून बघितलं आणि वहीतली ती ओळ खोडून शेजारी सही केली. तिची सही, बाळा! मला एम.ए. झाल्यासारखं वाटलं.

सेव-उसळीवरून भांडण झालं. "ही तर मिसळ," असं तिघींचं एकमत. मी म्हटलं, ताटलीत पांढरा वाटाणा बघा, वेगळी दिलेली तरी बघा, शेवेचा ढीग बघा. ऐकेनात. शेवटी दुकानदारच मराठीत म्हणाला, "बसा ने मावशी, खाऊन तर बघा ने." आमच्या बडोदी मराठीतल्या त्या "ने"ने मला काय झालं ते सांगता येत नाही. रात्री बाई म्हणाल्या, "तू दुपारपासून 'हो ने, चल ने' करतेयस." मला कळलंही नव्हतं. आजोबा पुण्याच्या पाहुण्यांसमोर आमचा "ने" काढून टाकायला लावायचे. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा पहिल्या महिन्यातच मी तो गिळला होता.

आता आमच्या वाड्याचं. मला जायचं नव्हतं. तीन दिवस मी काही ना काही कारण काढलं: तिकडे गर्दी असते, रिक्षा आत जात नाही, ऊन आहे. चौथ्या दिवशी माई म्हणाल्या, "तुला नको असेल तर तू हॉटेलात बस, आम्ही बघून येतो." मग गेले.

संक्रांत होऊन आठवडा झाला होता, विजेच्या तारांवर फाटके पतंग लटकत होते. दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जातील अशी गल्ली, असं मी सांगायची. बँकमावशीने पावलं टाकून मोजली. सात. तिसरी थाप. मी झपाझप चालत होते, दोन्हीकडे नवे मजले, शटर, साइनबोर्ड, काही ओळखू येईना. गल्ली संपून मोठा रस्ता लागला. मी म्हटलं, "पाडला वाटतं. चला." आणि खरं सांगू, हायसं वाटलं.

मागून काठीचा आवाज आला. लोखंडावर, टण्. माई एका ओट्यापाशी थांबल्या होत्या. ओट्याच्या दगडात घोडा बांधायची कडी होती, तीवर त्या काठी आपटत होत्या. "हीच का गं तुझी दाताची कडी?"

हीच. मी सात वर्षांची असताना ओट्यावरून उडी मारली आणि पुढचा दात तिच्यावर ठेवला. मी ती ओलांडून पुढे गेले, आणि जन्मात बडोद्याला न आलेल्या बाईने ती ओळखली. "अगं, तूच सांगतेस ना, पायरीच्या डावीकडे, कंबरेच्या खाली," म्हणाल्या. मी कंबरेच्या खाली बघत नव्हते. मी वर, खिडक्या शोधत होते.

खालच्या खोल्यांत आता तयार कपड्यांचं गोदाम आहे. एक तरुण बाहेर आला, "कोनुं काम छे, बेन?" मी म्हटलं, "कंई नहीं भाई, अमस्तां ज जोईए छीए." म्हणजे काही नाही, सहजच बघतोय. त्याने माईंची काठी बघितली, आत जाऊन स्टूल आणलं आणि स्टीलच्या तांब्यातून पाणी. बँकमावशी कानाशी म्हणाली, "सांग ना त्याला, हे तुझं घर होतं." मी नाही सांगितलं. त्याने बिचाऱ्याने उगाच अवघडून जायचं. मी ओट्यावर बसून पाणी प्यायले, चांगलं तांब्याभर. गार होतं. तो आम्हाला म्हणाला, पुन्हा आलात तर चहा घेऊन जा.

परतीच्या गाडीत हिशेब झाला. माणशी खर्च वेगळा कळवते, तू पाठवलेल्यातले उरलेत. थापा तीन, खऱ्या ठरलेल्या दोन, आणि एकीपुढे प्रश्नचिन्ह. ते तुझ्याबद्दल आहे. तू झालास त्या रात्री विश्वामित्रीच्या पुलावर पाणी चढलं होतं आणि बाबा स्टेशनवरून चालत, कमरेएवढ्या पाण्यातून आले, हे मी तुझ्या दर वाढदिवसाला सांगते. बँकमावशी म्हणाली, पुरावा? बाबांना विचारायची आता सोय नाही. तुला काही आठवायचा प्रश्नच नाही.

लीलो चेवडो दोन किलो आणलाय, त्यातला एक तुझा. तिकडे कोण येणार आहे ते लवकर कळव, नाहीतर माई संपवतील. सूनबाईला आणि पिलूला आशीर्वाद.

तुझी,
आई

ता.क. – काल मामाला फोन करून पुराचं विचारलं. तो म्हणाला, "पूर? छे! दोन थेंब पडले होते. भावजी पेढे शोधत गावभर हिंडत होते, म्हणून उशीर झाला." मी बँकमावशीला अजून सांगितलेलं नाही. विश्वामित्रीतल्या देवमाशाची साक्षही त्याचीच होती.