दारात खुर्ची टाकून बसलेल्या काकूंना

काकू,

तुमचं नाव मला माहीत नाही, पत्ता तर दूरच. मी पोलिसांशी बोलत होते तेवढ्यात तुम्ही निघून गेलात आणि आभार मानायचे राहूनच गेले. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय. कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल, किंवा तुम्हीच वाचाल आणि ओळखाल की ही तीच, चोरीचा आळ घेऊन दुकानाच्या आतल्या खोलीत बसवलेली.

काय झालं ते तुम्ही पाहिलंय, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. पैसे चुकते करून मी बाहेर पडत होते आणि दारातली सुरक्षेची कमान वाजली. घेतलेल्या शर्टाच्या शिवणीतला टॅग काउंटरवर बंद करायचा राहून गेला होता, एवढंच कारण. बिल आणि शर्ट शेजारी शेजारी ठेवले असते तर मिनिटात उलगडा झाला असता. पण रक्षकाने पर्स मागितली आणि पर्समध्ये निघाली हाताला लावायच्या क्रीमची ट्यूब. त्याच कंपनीची ट्यूब त्या दुकानातही मिळते. माझी अर्धी संपलेली होती, खालून घड्या घालत वर आणलेली, झाकणाच्या आट्यांत क्रीम वाळून पांढरं झालेलं. तरी प्रश्न एकच, "हिचं बिल कुठंय?" वापरातल्या क्रीमचं बिल कोण जपून ठेवतं, काकू?

मग ती खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला टेकवलेले खोके. "मी वरील वस्तू चोरली असून मला पश्चात्ताप होत आहे" असा छापील कागद, फक्त नाव आणि सही करायची बाकी. वस्तूच्या किमतीच्या कितीतरी पट रक्कम भरा, नाहीतर पोलीस बोलावतो, फोटो दारावर लावतो. कपडे चाचपायला एक कर्मचारी मुलगी बोलावली होती. बिचारी माझ्यापेक्षा जास्त घाबरली होती. माझी ओळखीची एक बाई बिलाच्या रांगेत होती. मला आत नेताना आमची नजरानजर झाली आणि तिने मान फिरवली. फोन करू दिला तेव्हा मी ओळखीतल्या एका वकिलांना लावला. ते म्हणाले, "तमाशा नको, सही कर, पैसे दे आणि सुट." कायदा शिकलेल्या माणसाने दिलेला हा सल्ला माझ्या अजून जिव्हारी लागलेला आहे. न केलेल्या चोरीची कबुली लिहून देऊन कुणी सुटत नाही. तो कागद दुकानाच्या कपाटात राहतो आणि आपण आयुष्यभर त्याला भीत राहतो.

आणि मग तुम्ही दार ढकललंत.

तुम्ही आधी काहीच बोलला नाहीत. मोकळी खुर्ची हाताने ओढत नेलीत, तिचे दोन पाय उंबऱ्याच्या आत आणि दोन बाहेर असे ठेवलेत, आणि मांडीवर पिशवी घेऊन बसलात. रक्षकाने दार लावायला हात घातला, तुम्ही हलला नाहीत. "बाई, बाहेर बसा." "मी इथंच बरी आहे." बस्स. त्या उघड्या दारातून दुकानातले आवाज आत आले, ट्रॉलीची चाकं, कुणाचं तरी रडणारं मूल, आणि माझा श्वास जरा ताळ्यावर आला. व्यवस्थापकाचा आवाजही उतरला, कारण आता तो बाहेर ऐकू जात होता. माझ्या खांद्यावर रक्षकाचा हात होता, तो त्याने काढला. तुम्ही तेव्हा ना कायद्याचं नाव घेतलं होतं, ना माझी बाजू. नुसतं दार लागू दिलं नाहीत. तुम्ही केलेल्या सगळ्या मदतीत मला सर्वांत मोठी हीच वाटते.

पुढचं सगळं तुम्ही इतक्या सावकाश विचारलंत! "हिला वस्तू उचलताना कुणी पाहिलं?" कुणी नाही. "कॅमेऱ्यात दिसतेय?" बघावं लागेल. "म्हणजे न बघताच बसवलीत?" व्यवस्थापकाने विचारलं, तुम्ही वकील का? तुम्ही म्हणालात, "नाही. कोर्टात क्लार्क होते. वकिलांचं ऐकण्यातच सगळी नोकरी सरली."

घरी आल्यावर तुमचा एकेक शब्द मी ताडून पाहिला, आणि प्रत्येकाला कायद्यात जागा सापडली. सामान्य माणसाला दुसऱ्याला पकडता येतं, पण कधी? भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीचा कायदा, त्याचं कलम ४० म्हणतं, त्याच्या समक्ष दखलपात्र (पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) गुन्हा घडला तर, किंवा समोरचा फरारी म्हणून जाहीर झालेला गुन्हेगार असेल तर. संशयावरून पकडण्याची मुभा त्यात नाही. ती पोलिसांना आहे, तीही अटी घालून. आणि पकडलंच, तर विनाकारण उशीर न करता, फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करायचं. खोलीत बसवून चौकशी करणं, कबुली घेणं, दंड ठरवणं, यातलं काहीही त्या कलमात नाही. सुरक्षारक्षक गणवेशात असला तरी कायद्याच्या नजरेत तो सामान्य माणूसच. खासगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ चा कायदा आहे. त्याने संस्थेला परवाना आणि रक्षकाला फोटोचं ओळखपत्र सक्तीचं केलं, पोलिसांचे अधिकार दिले नाहीत. झडतीचंही तेच. पर्स दाखवा अशी विनंती ते करू शकतात, आपण नाही म्हणू शकतो. पोलीससुद्धा स्त्रीची झडती घेतात तेव्हा ती स्त्रीनेच, सभ्यता काटेकोरपणे पाळून घ्यायची असते. त्या भेदरलेल्या मुलीला तुम्ही "तू जा गं, हे तुझं काम नाही" म्हणालात. मला वाचवताना तुम्हाला तिचीही आठवण राहिली.

व्यवस्थापक म्हणाला, "आम्ही कुठं कोंडलंय? दार तर उघडं आहे." ते दार तुमच्यामुळे उघडं होतं! आणि कुलूप लागलंच पाहिजे असंही नाही. डांबून ठेवण्याचा गुन्हा समजावताना कायद्याने स्वतः दोन उदाहरणं दिली आहेत. एकात माणसाला भिंतींच्या आत घालून कुलूप लावलं आहे. दुसऱ्यात इमारतीच्या बाहेर पडायच्या वाटांवर बंदूकवाले उभे करून सांगितलं आहे, निघालास तर गोळी घालू. दुसऱ्यात कुलूप नाही, तरी गुन्हा तोच. एकोणिसाव्या शतकातल्या दंड संहितेतली ही उदाहरणं १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहेत, कलम १२७ मध्ये. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाट अडवणं हा वेगळा गुन्हा, कलम १२६. किती वेळ डांबलं तर गुन्हा, अशी किमान मर्यादा नाही. तीन दिवस किंवा त्याहून जास्त डांबलं तर शिक्षा वाढते, एवढंच.

तुमचं सर्वांत धारदार वाक्य मात्र पोलिसांबद्दलचं होतं. "पोलीस बोलावू" ही धमकी ऐकून मी आतून थिजले होते, आणि तुम्ही म्हणालात, "बोलवाच. ११२ लावा. तुम्ही नाही लावलात तर मी लावते." त्या क्षणी मला कळलं की पोलिसांची गरज मलाच होती. निरपराध माणूस खोलीत एकटा असतो तेव्हा पोलीस येणं म्हणजे बेअब्रू असं त्याला वाटतं, आणि या भीतीवरच हा सगळा धंदा चालतो. पोलीस आले की सरळ कोठडी, हेही खरं नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, अटक का हवी ते लेखी नोंदवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार खटल्यात पोलिसांना बजावलं आहे. अटकेऐवजी हजर राहण्याची नोटीस देता येते. अटक झालीच तर कारण सांगावं लागतं, वकिलाला भेटू द्यावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे न्यावं लागतं. हे राज्यघटनेच्या कलम २२ मध्येच लिहिलंय.

आणि चोरी म्हणजे काय? अप्रामाणिक हेतूने दुसऱ्याची वस्तू हलवणं. हेतू नसेल तर चोरी नाही. कमान फक्त टॅग ओळखते, पैसे दिले की नाही आणि मनात काय होतं हे तिला कळायचा प्रश्नच नाही. साध्या चोरीच्या कलमात तर पाच हजारांपेक्षा कमी किमतीची वस्तू, पहिलाच गुन्हा आणि वस्तू परत मिळालेली, असं असेल तर शिक्षा म्हणून समाजसेवा सांगितली आहे. न्यायालय गुन्हा सिद्ध झालेल्याशी इतक्या समजुतीने वागतं. दुकानाच्या आतल्या खोलीत मात्र काहीच सिद्ध न होता बदनामीची शिक्षा आधी ठरलेली असते. तो छापील कागद तुम्ही माझ्यासमोरून उचलून उलटा ठेवलात. धाक दाखवून घेतलेली कबुली पुरावा म्हणून टिकत नाही, साक्ष्य अधिनियमाचं कलम २२ तेच सांगतं, आणि भीती घालून पैसे उकळणं म्हणजे खंडणी, न्याय संहितेचं कलम ३०८. मी सही केली असती तर हे सगळं पुढे कोर्टात भांडत बसावं लागलं असतं.

पोलीस आले, कॅमेरा पाहिला, ट्यूब हातात घेऊन उघडली, आणि विषय संपला. आलेल्या बाई हवालदार नीट वागल्या, हेही लिहायला हवं. दुकानाने "गैरसोयीबद्दल दिलगीर" असा एक ओळीचा संदेश पाठवला. गैरसोय! लिफ्ट बंद असली तर गैरसोय होते.

घरात आणि नात्यात जे ऐकलं ते तुम्हाला सांगायला लाज वाटते. "काहीतरी असेल त्याशिवाय कशाला धरतील?" "तूच पर्स का दिलीस?" "आता कशाला वाढवतेस?" ही माणसं वाईट नाहीत, माझ्या आजारपणात रात्री जागलेली आहेत. पण आळ आला की आपली माणसंसुद्धा आधी दोन पावलं मागे सरतात आणि मग विचार करतात. तुम्ही मला ओळखतही नव्हतात. मी खरं बोलतेय की खोटं, हेही तुम्हाला माहीत असण्याचं कारण नव्हतं, आणि तुम्ही ते विचारलंही नाहीत. मी चोर असते तरी तुम्ही दार लावू दिलं नसतं, याची मला खात्री आहे. माझ्या मनात तुमच्याबद्दल जो आदर आहे तो यासाठी. माणसावर विश्वास ठेवून मदत करणारे भेटतात. समोरचा कसाही असो, त्याला बंद खोलीत एकटा सोडायचा नाही, एवढी माणुसकी जपणारे फार थोडे. खरेदी उरकून घरी जाता आलं असतं तुम्हाला, गुडघे दुखत होते हे उठताना दिसलं. तरी तुम्ही पोलीस येईपर्यंत तिथेच होता.

मी तक्रार दिली आहे, काकू. पोलीस ठाण्यात आधी "आपसात मिटवा" असं सुचवून पाहिलं, पण डांबून ठेवणं दखलपात्र गुन्हा आहे हे मला आता ठाऊक होतं. नोंद झाली, प्रतही मोफत मिळाली, ती मिळायलाच हवी. कॅमेऱ्याचं चित्रण पुसू नका असं दुकानाला त्याच दिवशी लेखी कळवलं होतं. वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळाले. स्त्रियांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत मदत मिळते आणि १५१०० हा त्यांचा क्रमांक आहे, हे त्या खोलीत माहीत असतं तर मी तोच फिरवला असता.

माझ्या जबाबात तुमचा उल्लेख "दारात खुर्चीवर बसलेली एक वयस्क महिला" असा आहे. साक्षीला याल तर केस भक्कम होईल, वकील म्हणतात. पण तुम्हाला कोर्टाच्या पायऱ्या पुन्हा चढायच्या नसतील तर माझा अजिबात आग्रह नाही. तक्रार मी मागे घेणार नाही. यायचं मनात असेल तर ठाण्यात फक्त विचारा, माझा नंबर तिथे दिलेला आहे. आणि साक्ष नको असेल तरीही फोन करा. मला तुमचं नाव विचारायचं आहे.

आपली कृतज्ञ,
त्या खोलीतली