पाचवी

सातारा,
रविवार, रात्री

ती. अण्णा व ती. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण अण्णा, तुम्हाला हल्ली फोनवर निम्मंच ऐकू येतं आणि राहिलेलं निम्मं तुम्ही पदरचं घालता. मागे मी सुट्टी काढली म्हटलं, तर तुम्ही घणसोलीभर मी नोकरी सोडली म्हणून सांगितलंत. म्हणून कागद. चष्मा लावा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा. मधलं गाळू नका, खरं काम तिच्याकडेच आहे.

गावी जाऊन आले. आधी घराचं सांगते, नाहीतर तुमचा जीव तिकडेच अडकायचा. मागच्या पडवीची चार-पाच कौलं सरकलीत, ती बसवून घेतली. परड्यातला शेवगा आडवा झालाय. बाकी ठीक.

गेले होते ते शाळेसाठी. आमच्या १९९५ च्या दहावीचा मेळावा होता. फेटे, हलगी, दारात औक्षण, सगळं झालं. असले व्हिडिओ तुमच्या नातीच्या फोनवर ढिगाने येतात, त्यामुळे ते लिहीत नाही. आमचे गणिताचे सर आले होते, काठी टेकत. मला ओळखलं नाही, पण आडनाव सांगितल्यावर म्हणाले, "वडील दाणाबंदरला होते ती?" एवढ्यावर माझं जेवण गोड झालं.

फाटकावर रयत शिक्षण संस्थेचं वडाचं झाड नव्याने रंगवलंय. आत कर्मवीरांचा पुतळा आहे तिथेच आहे. अण्णा, एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. मी पाचवीला त्या शाळेत गेले, आणि २२ सप्टेंबरला कर्मवीर जयंतीची मिरवणूक निघाली. पुढे लेझीम, मागे आम्ही. सगळे ओरडायला लागले, "अण्णांचा विजय असो!" मला वाटलं, तुम्ही मुंबईहून आलात. वेशीपर्यंत मी मान वर करकरून बघत होते. भाऊराव पाटलांनाही अण्णाच म्हणतात, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं.

आता मुद्द्याचं. पोस्टमनच्या मुलीला दाखल्याची दुय्यम प्रत हवी होती, म्हणून क्लार्कनी जनरल रजिस्टर काढलं. लाल कापडी पुठ्ठ्याचं, कडा उंदरांनी चाखलेल्या. तिचं नाव सापडेपर्यंत आम्ही सगळे त्या टेबलावर ओणवे. लग्नानंतर आम्हा बायकांची नावं बदलली, तिथे मात्र अजून सगळ्या 'कु.' आणि पुढे बापाचं नाव. जन्मतारखेच्या रकान्यावरून कुणीतरी बोट फिरवलं आणि हसायला लागलं. १ जून. खाली १ जून. एक सोडून परत १ जून. मोजले तर आमच्या एकावन्न जणांत एकोणीस जण एकाच दिवशी जन्मलेले! सुताराचा धाकटा म्हणाला, "त्या दिवशी सुईणीचं काय झालं असेल!" सर म्हणाले, "हायस्कूलला नावं ठेवू नका, आम्ही मराठी शाळेच्या दाखल्यावरचं उतरवून घेतलं."

ते खरंच आहे. मला पहिलीत घालायला आजोबा घेऊन गेले होते. गुरुजींनी माझा उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन डाव्या कानाला लागतो का पाहिलं. लागला. म्हणजे सहा पुरी. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, म्हणून महिना जून, आणि तारीख लिहायला सोपी ती एक.

आमच्या कोषागारात या तारखेचा हिशेब मी दर वर्षी बघते. ज्याचा जन्म एक तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून ३१ मे आला की अर्ध्या महाराष्ट्रातले सरकारी नोकर एकदम हार घालून घरी जातात की काय असं वाटतं. मीही ३१ मे २०३७ ला जाणार. माझी खरी, जुलैची तारीख असती तर ३१ जुलैपर्यंत राहिले असते. गुरुजींच्या एका फटकाऱ्याने माझा दोन महिन्यांचा पगार गेला! तारीख दुरुस्तीचा अर्ज नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत करायचा असतो. ती मुदत कधीच संपली. पगाराचं मला काही नाही. पण आई, त्या दिवशी तू घरातच होतीस ना? तारीख तुला ठाऊक होती. तुला कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही. शेहेचाळीस वर्षांची झाले, तरी दर १ जूनला केक कापते.

तू लहानपणी सांगायचीस ते मला आठवतं. आषाढी होऊन दोन-तीन दिवस झाले होते, पाऊस थांबत नव्हता, आणि आभाळातून अमेरिकेचं ते स्कायलॅब, म्हणजे निकामी झालेलं अंतराळस्थानक, कुणाच्या डोक्यावर पडणार म्हणून गाव घाबरलं होतं. माझ्या पाचवीला आजीने पाट मांडला, सटवाईने कपाळावर लिहावं म्हणून कोरा कागद आणि टाक ठेवला. तू म्हणायचीस, "बायका सटवाईसाठी जागत होत्या आणि गडीमाणसं स्कायलॅबसाठी."

तर मी परवा ते शोधलं. स्कायलॅब पडलं ११ जुलै १९७९ ला, आपल्या घड्याळात रात्री दहाच्या सुमाराला. हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेकडच्या रानात. म्हणजे 'पडलं' ही बातमी गावात वरच्या आळीच्या रेडिओवरून कळली असेल ती बहुतेक दुसऱ्या दिवशी सकाळी.

आता नीट आठवून सांग. पूजा आधी झाली आणि सकाळी बातमी आली, की सकाळी बातमी आली आणि त्या रात्री पूजा झाली? पूजा आधीची असेल तर मी ७ जुलैची, नंतरची असेल तर ८ ची. आणि पाचवी मोजताना जन्माचा दिवस धरतात ना? मी धरलाय. फोनवर नको, पुन्हा घोळ होईल. नातीला सांग, व्हॉट्सॲपवर नुसतं 'आधी' किंवा 'नंतर' एवढं टाक म्हणावं.

नाचणीचं पीठ आणि कुळीथ दादाच्या मित्राबरोबर पाठवते आहे. आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर तेही कळव.

तुमची लेक

ता. क. अण्णा, तुमच्या माथाडी बोर्डाच्या कार्डावरही १ जूनच आहे. मी पाहिलंय. थोरली आत्या होती तोवर तिला विचारायला हवं होतं.