भाषा कळत नसताना काय ऐकलेत?

सांगली, दि. १२ जून

चिरंजीव अमेय यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आम्ही दोघे सुखरूप घरी पोहोचलो, हे तुला फोनवर कळले आहेच. त्या वेळी तू विचारलेस, "बाबा, भाषा कळत नसताना तीन-तीन तास बसून तुम्ही नक्की काय ऐकलेत?" तेवढ्यात तुझ्या आईने फोन माझ्या हातून घेतला आणि उत्तर राहून गेले. उत्तर युरोपातल्या चार राजधान्यांत ऑपेरा, म्हणजे तिकडची संगीत नाटके, ऐकायला काढलेल्या या सहलीचे निम्मे पैसे तू भरलेस, तेव्हा हिशेब म्हणून तरी उत्तर द्यायला हवे.

आमच्या गटात अठरा माणसे होती. त्यांतली बरीचशी युरोपातलीच आणि साठी ओलांडलेली होती, आणि भारतीय आम्ही दोघेच. गटाबरोबर एक मार्गदर्शक बाई होत्या. त्यांनी अनेक वर्षे गाणे शिकवले होते. प्रत्येक प्रयोगाच्या दिवशी दुपारी हॉटेलातल्या एका खोलीत त्या आम्हाला बसवत, कथानक सांगत, मुख्य पदांच्या दोन-दोन ओळी स्वतः गुणगुणून दाखवत आणि कोणती जागा चुकवू नये हे बजावत. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले, की आपल्याकडे 'सौभद्र' पाहायला जाणारा माणूसही सुभद्रेचे लग्न कोणाशी होणार या काळजीने जात नसे. कथा पाठ असे आणि पदेही पाठ असत. आज गळा कसा लागतो, एवढ्यासाठीच तो जाई. चाळीस वर्षे हौसेने पेटीची साथ केलेल्या माणसाला हे कळायला कोपनहेगनपर्यंत जावे लागले, याचे मलाच हसू आले.

कोपनहेगनचे नवे ऑपेरागृह २००५ साली उघडले. ते होल्मेन भागात, अमालिएनबोर्ग राजवाड्याच्या बरोबर समोर, बंदराच्या पलीकडच्या काठावर आहे आणि तिथे सार्वजनिक बोटीने जाता येते. ही वास्तू म्हणजे म्योलर या जहाजमालकाच्या प्रतिष्ठानाने डेन्मार्कला दिलेली देणगी. खर्च दोन अब्ज क्रोनरांहून अधिक झाला आणि देणगीदार प्रत्येक बारकाव्यात लक्ष घालत असे. वास्तुशिल्पी हेनिंग लार्सन यांना दर्शनी भाग निखळ काचेचा हवा होता, पण देणगीदाराने त्यावर पोलादी आडवे पट्टे बसवायला लावले आणि दोघांचे बिनसले. मला तो दर्शनी भाग जुन्या ॲम्बेसेडरच्या पुढच्या जाळीसारखा वाटला. आत मात्र छताला सोन्याच्या वर्खाचे एक लाख पाच हजार पत्रे लावलेले आहेत. आमच्या वाट्याला आलेल्या खुर्च्यांवरून ते छत उत्तम दिसत होते, फक्त रंगमंचाचा डावा तिसरा हिस्सा दिसत नव्हता. माहितीपत्रकात 'उत्तम आसने' असे छापलेले होते. तू कधी अशी सहल घेतलीस, तर पैसे भरण्याआधी आसनांची श्रेणी आणि मजला लेखी मागून घे. त्या रात्री मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट'मधले 'रात्रीची राणी' हे पात्र मी पाहिले कमी आणि ऐकले जास्त.

दुसऱ्या दिवशी तिवोली बागेत गेलो. ही बाग १८४३ सालची. त्याच वर्षी आपल्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले, हे मी मार्गदर्शक बाईंना सांगितल्यावर त्यांनी ते वहीत टिपून घेतले. बागेतल्या मूकनाट्याच्या छोट्या रंगमंचाला पडदा म्हणून एक मोर आहे. त्याचा पिसारा हळूहळू मिटत गेला की मागचा रंगमंच दिसू लागतो. तुझ्या आईला सगळ्या कोपनहेगनमध्ये तेवढे एक मनापासून आवडले. बंदराकाठचा जलपरीचा पुतळा सव्वा मीटरचा आहे आणि त्याच्याभोवतीची गर्दी त्याहून कितीतरी मोठी.

तिथून रात्रीच्या जहाजाने ओस्लोला गेलो. तुझ्या प्रश्नाचे खरे उत्तर मला ओस्लोत मिळाले. तिथे व्हेर्दीचे 'ला त्राव्हियाता' होते. नाट्यगृहात तेराशेहून अधिक प्रेक्षक मावतात, समोर पूर्ण वाद्यवृंद वाजत असतो आणि गायकांसाठी ध्वनिक्षेपक नसतो. नायिका व्हायोलेताचे काम करणाऱ्या बाई आजारपणाच्या शेवटच्या अंकात पलंगावर टेकून इतक्या हलक्या आवाजात गात होत्या, की त्यांचा श्वाससुद्धा वेगळा ऐकू येत होता, आणि तो आवाज आमच्या दुसऱ्या सज्जापर्यंत सबंध पोहोचत होता. आपल्याकडे मायक्रोफोन येण्यापूर्वीच्या गायक-नटांविषयी माझे वडील जे सांगत, ते मी आजवर आदराने आणि थोडे अविश्वासाने ऐकत आलो होतो. तो अविश्वास त्या रात्री संपला. शब्दांसाठी पुढच्या खुर्चीच्या पाठीवर तळहाताएवढा पडदा असतो आणि त्यावर इंग्रजी अर्थ उमटत जातो. पहिल्या अंकानंतर मी तो बंद केला.

दुसऱ्या अंकात व्हायोलेताचा प्रियकर आल्फ्रेदो याचा बाप येतो. मुलाचा नाद सोड म्हणून तो व्हायोलेताला गळ घालतो, आणि ती निघून गेल्यावर मुलाला फ्रान्समधल्या आपल्या प्रोव्हान्सच्या समुद्राची आणि मातीची आठवण करून देणारे एक संथ पद गातो. चाल इतकी सरळ आहे, की पेटीवर मला ती दुसऱ्यांदा ऐकून वाजवता आली असती. बाप जीव ओतून गातो आणि मुलगा त्यातला एक शब्दही मनावर न घेता तिच्या मागे धावत सुटतो. तुझ्या आईने अंधारात मला कोपराने ढोसले.

एक गोष्ट मात्र मला खटकली. पद संपल्यावर टाळ्यांचा कडकडाट होतो, पण वन्समोअर नाही, आणि गायकाला आपल्या मनाने चार आलाप वाढवायची मुभाही नाही. लिहिलेला स्वर लिहिल्याप्रमाणेच लागला पाहिजे. आपल्याकडे तेच पद रंगले तर दहा मिनिटे चालते आणि साथीदाराची परीक्षा तिथेच होते. माझ्यासारख्याला त्या वाद्यवृंदात बसवले, तर तो आठवड्याभरात कंटाळून पळून जाईल.

प्रयोग संपून बाहेर आलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि लख्ख उजेड होता. २००८ साली उघडलेल्या या इमारतीचे छप्पर म्हणजे फ्योर्डच्या, म्हणजे आत शिरलेल्या खाडीच्या, पाण्यातून वर चढत जाणारा पांढरा उतार आहे. त्याला इटलीतल्या 'कॅरारा' गावचा संगमरवर लावला आहे. त्यावर कोणीही, तिकीट न काढता, कोणत्याही वेळी चालत जावे, अशीच त्याची रचना आहे. मुले वर धावत होती आणि एक जोडपे डबा उघडून जेवत होते. तुझी आई साडी सावरत, माझा हात न धरता अगदी टोकापर्यंत गेली. दगड मध्येच खालीवर केलेला आहे, त्यामुळे पायांत चांगली पकड असलेले बूट हवेत. विगेलंड उद्यानातले पुतळे आणि चित्रकार मुंकचे संग्रहालय दुसऱ्या दिवशी पाहिले. ते चांगलेच आहे, पण माझे मन त्या छपरावरच राहिले होते.

स्टॉकहोमला रेल्वेने गेलो. तिथले ऑपेरा राजा तिसरा गुस्ताव याने १७७३ साली सुरू केले, आणि गाणे स्वीडिश भाषेत झाले पाहिजे असा त्याचा आग्रह होता. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' मराठीत गाऊन दाखवले, ते मला त्या वेळी आठवले. फरक एवढाच, की अण्णासाहेबांच्या पाठीशी राज्याचा खजिना नव्हता. याच राजावर १६ मार्च १७९२ च्या रात्री, त्याने स्वतः बांधलेल्या ऑपेरागृहात, मुखवट्यांच्या नाचाच्या वेळी मागून गोळी झाडली गेली आणि तेरा दिवसांनी तो गेला. त्या रात्रीचा त्याचा पोशाख राजवाड्याच्या तळघरातल्या शस्त्रागार-संग्रहालयात आहे. व्हेर्दीने यावर ऑपेरा लिहिले तेव्हा राजाचा खून रंगमंचावर दाखवायला परवानगी मिळेना, म्हणून त्याला सगळी कथा अमेरिकेतल्या बोस्टनला न्यावी लागली. आम्ही गेलो त्या रात्री तिथे ते नव्हते, पुच्चीनीचे 'तोस्का' होते. सध्याची इमारत १८९८ सालची, त्याच जागेवर बांधलेली आहे.

पण स्टॉकहोममधली सर्वांत मोलाची वस्तू शहराबाहेर, ड्रॉटनिंगहोल्मच्या राजवाड्यात आहे. तिथले नाट्यगृह १७६६ सालचे. गुस्तावच्या मृत्यूनंतर ते बंद पडले आणि सव्वाशे वर्षे अडगळीची खोली होऊन राहिले. १९२१ साली आग्ने बेय्येर हे अभ्यासक एका जुन्या चित्राच्या शोधात तिथे शिरले, तेव्हा रंगवलेले पडदे आणि लाकडी यंत्रे जागच्या जागी होती. रंगमंचाखाली एक मोठा लाकडी रहाट आहे. माणसांनी तो फिरवला, की दोन्ही बाजूंच्या सगळ्या विंगा एकदम सरकतात आणि बागेचा राजवाडा होतो. समुद्र हवा असेल तर मळसूत्रासारखे पिळदार लांब लाकडी रूळ एकामागे एक फिरवतात. गडगडाटासाठी वर दगडांनी भरलेली पेटी आहे, ती दोराने कलंडवली की छतावरून ढग गडगडत जातात. दाखवणाऱ्या माणसाने तो दोर एकदा ओढला आणि गटातल्या अठराही माणसांनी माना वर केल्या. दोर, गाठी आणि कप्प्या जहाजावरच्यासारख्याच आहेत.

हे पाहून परतताना वेळ संपला, म्हणून १६२८ साली पहिल्याच फेरीत बुडालेले आणि १९६१ साली वर काढलेले वासा जहाज आमच्या टूर मॅनेजरने चाळीस मिनिटांत उरकले. त्यावरून तुझी आई त्याच्याशी जे बोलली, ते मी इथे लिहीत नाही.

हेलसिंकीविषयी थोडक्यात लिहितो. फिनिश ऑपेराला स्वतःची इमारत १९९३ साली मिळाली. त्याआधी अनेक दशके त्यांनी रशियन काळातल्या एका जुन्या नाट्यगृहात भागवले. त्या दिवशी तिथे ऑपेरा नव्हता, बॅले होता, आणि त्यातले मला काही कळत नाही. खडक फोडून जमिनीत बसवलेल्या तेम्पेलिआउकिओ चर्चमध्ये कोणी तरी पियानोवर सराव करत होते. तांब्याच्या छताखाली, ओबडधोबड दगडी भिंतींतून तो स्वर इतका गोलसर येत होता, की मी अर्धा तास उठलो नाही आणि गट माझ्यासाठी बसमध्ये थांबून राहिला. त्यांची मी क्षमा मागितली.

तिन्ही प्रयोगांच्या पुस्तिका माझ्या कपाटात, पेटीच्या वहीशेजारी ठेवल्या आहेत. तू दिवाळीला येशील तेव्हा बापाचे ते पद पेटीवर वाजवून दाखवीन. काळी एकच्या पट्टीत ते बरे बसते.

प्रकृतीस जप.

तुझा,
बाबा

ता. क. : तुझी दुर्बीण परत पाठवत आहे. पट्टा कोपनहेगनला तुटला. तिथे नेमकी तिचीच फार गरज होती.