पपांचं बायबल

भायखळा, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

गणपतीपासून पत्र नाही. शिव्या भेटल्यावर घाल, आधी हे वाच. तब्येत बरी, गुडघा आहे तसाच.

पपा गेल्याचं दादानं तुला कळवलंच. एक्याण्णव म्हणजे भरून पावले. माती शिवडीला झाली. आता दादाला आभारउपासनेच्या आत त्यांचं बायबल नवं करून घ्यायचंय, आणि झोप उडालीय माझी.

काळ्या पुठ्ठ्याचं, तेच. जुना करार आणि नवा करार यांच्यामधल्या कोऱ्या पानांवर आख्खं घर आहे: पाच जन्म, पाच बाप्तिस्मे, लग्नं, मम्मींचा मृत्यू. त्याच रांगेत, त्याच शाईत, 29 नोव्हेंबर 1970, नागपूर: चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. जसं काही घरचंच कार्य! शेवटच्या पानावर दशांशाचा, म्हणजे मिळकतीतला दहावा हिस्सा देवाला द्यायचा त्याचा, हिशेब. 18 जानेवारी 1982ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यापुढच्या महिन्यांसमोर शून्य नाही, 'बाकी' लिहिलंय. मिळकतच नाही तर दशांश कसला बाकी? घरात सात ताटं मांडायची होती तेव्हा.

पण खरी गोष्ट स्तोत्र 37 मध्ये आहे. पंचविसावी ओवी, नीतिमान निराधार झालेला कधी पाहिला नाही, ती. समासात, पानाच्या अगदी काठाला, पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह. खाली 1982. बाळ्या, सातच्या प्रार्थनेला एक दिवस खाडा न करणारा माणूस! पपांना शंका शिवतच नाही म्हणून गच्चीवर भांडायचास ना? एक कटिंग चहा देणं लागतोस.

कटिंगवरून आठवलं, घोळ तिथंच आहे. बाइंडर म्हणतो, जुजबंदी, म्हणजे पानांच्या जुड्यांची शिवण, उसवून पुन्हा शिवतो, पानांच्या कडांना तिन्ही बाजूंनी कटिंग मारतो, नोंदींची पानं लॅमिनेट करतो. कटिंगमध्ये दोन-तीन मिलिमीटर जातात, आणि प्रश्नचिन्ह नेमकं तेवढ्यातच आहे. लॅमिनेशन उष्णतेनं कागदात चिकटतं, ते परत निघत नाही. कागदातलं आम्ल आणि ओल आत कोंडून राहते. सेलोटेप तर दादानं केव्हाच लावलीय. ती पिवळी पडून डिंक अक्षरांवर उतरलाय. आता ओढली तर अक्षरंच घेऊन निघेल.

खरं तर काम थोडं आहे. बुरशी हवेशीर सावलीत पूर्ण सुकू द्यायची, मग तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशनं घराबाहेर झटकायची. ऊन नको, शाई उडते. फाटलंय तिथं पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ: एक भाग स्टार्च, पाच भाग पाणी, मंद आचेवर वीसेक मिनिटं ढवळायची, गार झाली की गाळायची, लावताना आणखी पातळ करायची. कसर लागू नये म्हणून बाइंडर खळीत मोरचूद घालतात. त्यातलं तांबं कागद खातं, म्हणून ते नको. फाउंटन पेनची निळी शाई पाण्यानं फुटते. आधी एखाद्या टिंबावर ओला टिपकागद टेकवून बघायचं; निळा झाला तर खळ अक्षरांपासून लांब. मग कोऱ्या टिपकागदात दाबून वर वजन, कागद दमट झाला की बदलायचा. शिवण अजून घट्ट आहे, उसवायचं कारणच नाही. पुठ्ठा सुटलाय तेवढा बसवायचा.

प्रश्नचिन्हाचं दादाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर खोडरबर काढेल, नाही सांगितलं तर कटिंग. स्वभाव माहीत आहे तुला.

नाशिकचं घर झालं का? वहिनींची बदली? सविस्तर पुढच्या पत्रात विचारतो.

दादा माझं ऐकत नाही, तुझं ऐकतो. शनिवारी बायबल बाइंडरकडे जायचंय, त्याआधी फोन कर. कटिंग नको, एवढंच बोल. कारण विचारलं तर पानं आखूड होतात म्हण, ते काही खोटं नाही.

तुझाच,
भाऊ