कुत्र्याला व्यायाम द्या म्हणता, मग जागाही द्या : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, नगरविकास विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : पाळीव कुत्र्यांना फिरवण्यासाठी सार्वजनिक बागांत ठरावीक वेळ व जागा मिळण्याबाबत.

महोदय,

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा. त्याच्या ११व्या कलमात मारहाण, उपासमार, जास्त ओझे लादणे हे सगळे आहेच. पण फारसे कोणी न वाचलेले एक उपकलमही आहे. कायम साखळीला बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हाही गुन्हाच. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, म्हणजे फार तर दोन वडापाव. रक्कम हसण्यावारी नेण्यासारखी असली तरी कर्तव्य कायद्याने सांगितलेले आहे. मी नागपुरात फ्लॅटमध्ये राहतो, घरात लॅब्रॅडॉर आहे. हे कर्तव्य बजावायला खाली उतरलो की पहिल्याच बागेच्या फाटकावर पाटी : ‘कुत्र्यांना आत आणण्यास सक्त मनाई’. पुढच्या बागेवरही तीच.

मग उरतो रस्ता. प्रत्येक गल्लीत मोकाट कुत्र्यांची टोळी आणि तिची हद्द ठरलेली. एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात काठी घेऊन माणूस किती फिरणार? कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत जायचे, शी-शू उरकायची, परत लिफ्ट. याला आम्ही ‘फिरवून आणले’ म्हणतो. परिणाम कुठल्याही व्हेटच्या, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरच्या, बाकावर बसून बघा. कुत्र्याच्या बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्यांना दिसता कामा नयेत, ही साधी परीक्षा. तिथे आलेल्या निम्म्या लॅब्रॅडॉरच्या बरगड्या चाचपूनही सापडत नाहीत. मुळात या जातीत खुब्याच्या सांध्याची दुखणी जास्त, त्यात वरचे वजन सगळे त्याच सांध्यावर. (फ्लॅटमध्ये, तेही नागपुरात, बर्फाळ प्रदेशातला हस्की पाळणाऱ्यांबद्दल वेगळे पत्र लिहावे लागेल.)

जागा नसली की लोक पळवाट काढतात, आणि ती भयंकर आहे. सकाळी वर्धा रोडला या. स्कूटरवर साहेब, हँडलच्या मुठीतच पट्टा, मागे जीभ लोंबलेले कुत्रे. गाडीचा वेग कुत्र्याने नाही, ॲक्सिलरेटरने ठरवायचा. ते मागे पडले की गळपट्टा आवळतो, चारही पाय रोवले जातात आणि नखे डांबरावर घासत जातात. हा व्यायाम नव्हे. कलम ११ मध्ये जनावराला अतिरेकी दौडवणेही गुन्ह्यातच मोडते. वाहतूक पोलीस हेल्मेट नाही म्हणून थांबवतात. या माणसाला थांबवलेले मी तरी पाहिलेले नाही.

सायकलची गोष्ट वेगळी. निरोगी, पूर्ण वाढलेल्या कुत्र्यासाठी सायकलबरोबर धावण्यासारखा व्यायाम नाही, कारण पायडल मारणाऱ्यालाही दम लागतो आणि वेग आपसूक दुडकी चालीवर राहतो. त्याचे नियम आहेत. हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे मोठ्या जातींत साधारण दीड वर्षापर्यंत, पिल्लाला सायकलमागे न्यायचे नाही. गळपट्टा नाही, हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा. आपल्याकडे वाहतूक डावीकडून, म्हणून कुत्राही सायकलच्या डावीकडे. पोटभर खाल्ल्यावर पळवायचे नाही. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्यांना तर कधीच नाही. त्यांना श्वासच पुरत नाही. पण ही सायकल चालवायची कुठे? सायकल ट्रॅकवर तर गाड्या उभ्या असतात.

आमच्या विदर्भात यात उन्हाची भर. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि डांबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच ते शरीर थंड करते. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवता आली नाही, तर तिथे कुत्र्याचे पाय भाजणारच. म्हणजे फिरवायला सूर्य वर येण्याआधीचा तास-दीड तास मिळतो, आणि तोही मातीवर, गवतावर हवा. ती माती आणि ते गवत त्या पाटीच्या पलीकडे आहे.

लोकांच्या तक्रारी खोट्या नाहीत. कुत्र्याची घाण न उचलणारे मालक आमच्यात भरपूर आहेत. त्यांना जबर दंड करा, मी टाळ्या वाजवीन. लहान मुले, वयस्कर माणसे घाबरतात, हेही मान्य. म्हणून तर वेळ वेगळी मागतो आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या सूचनांतही, गृहसंस्थांनी श्वानपालकांशी बोलून बागेतल्या फिरण्याच्या वेळा ठरवाव्यात, असेच सुचवले आहे. आणि हैदराबाद महापालिकेने २०१८ मध्ये कोंडापूरला कचरा टाकण्याच्या जागेवर सुमारे १.३ एकरांचे श्वान उद्यान उभारलेच ना? कचऱ्याच्या जागा आपल्याकडेही कमी नाहीत.

ऑगस्ट २०२५ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांपासून कुत्र्यांची सगळी चर्चा भटक्यांभोवती फिरते आहे. ती व्हायलाच हवी. पण पट्ट्यातल्या कुत्र्याचा प्रश्न आपल्या एका परिपत्रकाने सुटू शकतो. प्रत्येक महापालिकेने निवडक बागा पहाटे ठरावीक वेळ पट्ट्यातल्या, परवानाधारक, रेबीजची लस टोचलेल्या कुत्र्यांसाठी खुल्या कराव्यात. प्रत्येक झोनमध्ये एखाद्या मोकळ्या भूखंडाला कुंपण, पाण्याचा नळ आणि कचराकुंडी एवढेच द्यावे. परवान्याचे शुल्क आम्ही भरतोच, ते तिथे लावा. स्कूटरला कुत्रे बांधणाऱ्यांवर कारवाईसाठी गृह विभागाला आपण दोन ओळी लिहाव्यात.

परिपत्रक फेब्रुवारीच्या आत निघाले तर बरे. मार्चमध्ये आमच्याकडे ऊन सुरू होते.

आपला,
एक श्वानपालक, नागपूर